पाणी कुठवर येतं?

"आता पत्रिका कोण बघतंय गं," आक्का कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून म्हणाल्या. "मिरजेच्या पाहुण्यांनी आल्या आल्या काय विचारावं? तर म्हणे, २०१९ ला तुमच्या घरात पाणी कुठवर आलतं!"

"मग काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगिटलं. खिडकीच्या वरपर्यंत. लपवायचं कसं? कितींदा रंग दिला तरी भिंतीवरची रेघ उमटतीच की."

"मग? मोडलं?"

"मोडतंय कशाला! पोराची बदली झालीया म्हटल्यावर पाहुणे खूश. चिपळूणला जायचाय आता. म्हणतोय, भाड्यानं कशाला ऱ्हायचं, बँक कर्ज देतीया, फ्लॅटच घेऊन टाकतो. मी म्हटलं घे बाबा. सुटलो एकदाचं ह्या पुरातनं."

चिपळूण माझं माहेर. लग्न होऊन घाट चढले आणि सांगलीच्या गावभागात येऊन पडले, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी मला तोंडपाठ.

"आक्का, तुम्ही पोराला पुरातून काढून पुरातच धाडताय. वाशिष्ठीचं नाव ऐकलंय का? २२ जुलै २०२१ ला अख्खी बाजारपेठ बुडाली होती. टीव्हीवर बघितलं नाही?"

"आगं, तवा आमच्याच दारात पाणी लागलंतं. लाईट गेलती. टीव्ही कुणी बघायचा?"

तेही खरंच. त्याच आठवड्यात कृष्णाही चढली होती.

पलीकडच्या बाजूला मास्तर मोगऱ्याला पाणी घालत होते. मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर वर्ग सुटल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. चिपळूण म्हटल्यावर झारी खाली ठेवून ते भिंतीशी आले.

"आक्का, कोयनेचं पाणी दोन वाटांनी जातं. धरण १०५ टीएमसीचं. दारं उघडली की पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि आपल्याकडं येतं. पण वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी बोगद्यांतून घाटाखाली उतरवून वीज करायची तरतूद आहे. पोफळी, मग कोळकेवाडी धरण आणि शेवटी वाशिष्ठी. म्हणजे तुमचा मुलगा कोयनेला चुकवून कुठंच चाललेला नाही."

"दोन सुनांना एकच सासू म्हणा की," आक्का म्हणाल्या.

"आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही तिथलाच," मास्तर थांबायला तयार नव्हते. "कोयनानगर जमीनदोस्त झालं. अजूनही अधूनमधून बारीक धक्के बसतात. चिपळूण काही लांब नाही."

आक्कांचा चेहरा उतरला. बदली रद्द करायला कुणाला भेटावं लागतं, इथपर्यंत त्या गेल्या. मी म्हटलं, "थांबा हो आक्का. मास्तरांचं ऐकलं तर माणसानं घरच बांधू नये. धोका नाही असं गाव महाराष्ट्रात शोधायला गेलात तर जन्म जाईल. कुठल्या गावाचा धोका कुठल्या जातीचा, तेवढं बघायचं. येण्याआधी सांगतो का? येऊन काय नेतो, सामान की माणूस? आणि किती वेळा येतो? ह्या तीन गोष्टी कळल्या की घर कुठं घ्यायचं ते आपोआप कळतं."

"सांगून येतो म्हंजे?"

"आपल्या सांगलीचंच बघा ना."

सांगलीकराला हे शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात आम्ही एकमेकांना 'जेवलात का' विचारत नाही, 'आयर्विनला किती' विचारतो. आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळ पाण्याची पातळी मोजतात ती फुटांत. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. चाळिशीच्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर हलायला लागतं. पाऊस वर महाबळेश्वर-पाटणकडं पडतो, धरणातून सोडलेले क्युसेक आमच्या मोबाईलवर येतात आणि मग कराड किती, बहे किती, ताकारी किती, भिलवडी किती असं पाणी गावागावानं खाली येताना आम्ही मोजत बसतो. हातात दिवसभराचा वेळ तरी असतोच. तेवढ्यात गहू-तांदूळ माळ्यावर जातात, गॅसची टाकी वर जाते, गाडी विश्रामबागला पाहुण्यांच्या दारात जाते.

"मग २०१९ ला का बुडालो गं एवढं?" आक्का म्हणाल्या. "वेळ तर तवापण हुता."

"वेळ होता, पण आपण २००५ ची रेघ धरून बसलो. 'तेव्हा उंबऱ्याला टेकून गेलं होतं, आता काय जास्त येतंय' म्हणत सगळा गावभाग बसून राहिला. पाणी ५७.५ फुटांवर गेलं."

आक्कांना ते कुणी सांगायला नको होतं. त्यांचा फ्रिज पाण्यावर तरंगत जाऊन पलंगावर आडवा झाला होता. कपाटाची दारं फुगून बसली ती पहार घालून उघडावी लागली, आणि आतल्या पैठणीवर गाळाचा असा थर होता की पदर कुठला नि काठ कुठला, कळत नव्हतं. पाणी घरात एका रात्रीपुरतं आलं नव्हतं, दिवसचे दिवस मुक्कामाला होतं. सांगलीच्या पुराची हीच खोड. हळू येतो आणि जायचं नाव घेत नाही.

"तरी आपण जिवानिशी राहिलो," मास्तर म्हणाले. "पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली आणि माणसं बुडाली. लोकांना वेळेत बाहेर निघता आलं असतं तर त्या बोटीत बसायची पाळी आली नसती. मागच्या पुराची रेघ ही शेवटची रेघ नसते."

"सगळं त्या आलमट्टी धरणामुळं," आक्कांनी नेहमीचं वाक्य टाकलं.

"पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीनं तसं म्हटलेलं नाही. पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं..."

"समितीच्या घरात पाणी आलतं का?"

ह्या वादाचा निकाल सांगलीत लागलेला नाही आणि भिंतीशी उभं राहून लागणारही नाही. मी गाडी चिपळूणकडं वळवली.

चिपळूणचं पाणी वेगळं. सह्याद्रीचा कडा मागं उभा, समोर खाडी आणि मधे आखूड नदी. घाटमाथ्यावर रात्री कोसळलं की पहाटे बाजारात. २०२१ ला तसंच झालं. लोक झोपेतून उठले ते पाण्याच्या आवाजानं. त्यात गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, म्हणजे भरती उधाणाची. वरून नदी उतरतेय, खालून समुद्र मागं लोटतोय, आणि मधे गाव. शहरातून जाणारी शिवनदीही तुंबली. तळमजले गेले, वीज गेली, मोबाईल बंद पडले, आणि माणसं माळ्यावर, गच्चीवर, शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसली. त्याआधी २६ जुलै २००५ लाही असंच. मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, म्हणून देशाला तो दिवस मुंबईचा वाटतो. चिपळूण-महाडकरांना विचारा.

"पण ओसरतं लवकर," मी म्हटलं. "भरती उतरली, पाऊस थांबला की पाणी जातं. मागं राहतो तो चिखल. माझी वहिनी म्हणते, पूर परवडला, चिखल नको."

"म्हंजे सांगलीत वेळ मिळतो आणि घर जातं. तिथं वेळच मिळत न्हाई."

"बरोब्बर. म्हणून तिथं आधीच उंचावर राहायचं. तळमजला नको म्हणजे नको. पार्किंगवर पहिला मजला असेल तर त्याची उंची विचारायची, दुसरा मिळाला तर बघायचंच नाही. पाणी आलं तरी दार लावून दोन दिवस काढता येतात. खालची मोटार आणि जमिनीतली टाकी बुडणार हे धरून चालायचं, म्हणजे प्यायचं पाणी घरात भरून ठेवायचं."

आक्कांनी दुसराच तोडगा काढला. "मग नदीच नको. डोंगराच्या अंगाला घेऊ दे की. तिकडं पाणी कसं चढंल?"

मास्तरांनी मान हलवली. "पाणी नाही चढणार. डोंगर उतरेल."

मग त्यांनी जी नावं घेतली ती ऐकून भिंतीच्या दोन्ही बाजू गप्प झाल्या. माळीण, ३० जुलै २०१४. सकाळी एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला तर गावच दिसेना. त्याच्यामुळं बाहेर कळलं. तळीये, महाड तालुक्यातलं, २२ जुलै २०२१. म्हणजे चिपळूण बुडालं त्याच दिवशी. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३, रात्री माणसं झोपलेली असताना. तिन्हींत काही एकसारखं असेल तर ते हे, की आधी दिवसेंदिवस संततधार पाऊस, उतारावरची माती भिजून जड झालेली, आणि मग काही क्षणांत सगळं खाली. फूट मोजायला पूल नाही, क्युसेकचा मेसेज नाही.

"पूर फ्रिज नेतो, आक्का," मास्तर म्हणाले. "दरड घर नेते, माणसांसकट."

"तसं डोंगराजवळचं प्रत्येक घर वाईट नसतं," मी म्हटलं, नाहीतर आक्का पोराला परत बोलावतील ही भीती. "पण मागचा डोंगर उभा कापून जागा केली असेल तर नको. संरक्षक भिंत असेल तर तिला पाणी निघायला भोकं ठेवलीत का ते बघायचं. भोकं नसली तर मागं तुंबलेलं पाणीच भिंत ढकलतं. वर जमिनीला भेगा, झाडं-खांब कलंडलेले, नेहमीचा झरा अचानक गढूळ झालेला, असं काही दिसलं तर पंचांग न बघता बाहेर पडायचं. परशुराम घाटात चौपदरीकरणाला डोंगर कापला तेव्हा दरडी कोसळून रस्ता बंद ठेवावा लागायचा. खाली पेढे गावातल्या लोकांची झोप उडाली होती."

"आणि तिवरे," मास्तर म्हणाले. "चिपळूण तालुकाच. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटलं."

"ते खेकड्यांचं?" आक्कांना हे बरोबर आठवलं. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरलं असं सांगितलं होतं, आणि महाराष्ट्रात आठवडाभर त्याहून दुसरा विषय नव्हता. "बिचारे खेकडे! आगं, त्यांच्याकडनं कोण भांडणार?"

"हसू नका आक्का. घर घेताना वर कुठलं धरण, कुठला तलाव आहे ते बघावंच. पुण्यानं १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलेलं बघितलंय."

पुण्याचं नाव निघाल्यावर आक्कांना लेक आठवली. लेकीनं पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा नदी लांब आहे याची खात्री करून घेतला होता. ओढा मात्र कुणी धरलाच नव्हता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आंबिल ओढा असा उतरला की सोसायट्यांच्या भिंती आणि पार्किंगमधल्या गाड्या वाहून गेल्या. लेकीचं घर वाचलं, पण तेव्हापासून जावई पावसात गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावतो. नदीवर सगळ्यांचं लक्ष असतं, ओढ्याकडं कोण बघतो? उन्हाळ्यात तो कचऱ्याची गल्ली असतो, त्याच्यावर स्लॅब टाकून दुकानंही निघतात.

"त्यापेक्षा जतला बदली मागून घेऊ दे," आक्का वैतागून म्हणाल्या. "तिथं नदी न्हाई, डोंगर न्हाई, ओढा न्हाई."

"आणि प्यायला पाणीही नसायचं."

"आता म्हैसाळच्या योजनेचं पाणी आलंय म्हणं."

"आक्का," मास्तर म्हणाले, "निवांत गावाचं म्हणाल तर किल्लारीएवढं निवांत गाव नव्हतं. भूकंपाच्या नकाशात तो भाग सगळ्यात सुरक्षित रंगात होता. १९९३ ला अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला घरं अंगावर आली. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. भूकंपापेक्षा घरांनी माणसं मारली. पुढं २००२ च्या नकाशातून तो सुरक्षित पट्टाच काढून टाकला. भूकंप कधी येईल ते कुणी सांगत नाही, पण घर कसं बांधलंय ते बघता येतं. खाली नुसते बारीक खांब आणि वर चार मजले, असली इमारत असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सही करू नका म्हणावं."

आता आक्का भिंतीवरून हलायलाच तयार नव्हत्या. आत कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी त्यांना ऐकू आल्या नाहीत. "पर मास्तर, एजंट सांगतोय, जागा निळ्या रेषेच्या भायेर हाय. मग भ्यायचं काय?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर वर्गात हात वर करणारा विद्यार्थी सापडल्याचा आनंद दिसला. "निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला बंदी. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधे अटी घालून परवानगी मिळते. तेव्हा 'निळीच्या बाहेर' एवढ्यावर भागत नाही. लाल रेषेच्या आत का बाहेर, ते विचारायचं. नकाशा एजंटाकडं बघायचा नाही, नगरपरिषदेत आणि पाटबंधारे खात्यात जाऊन बघायचा."

"पंचवीस वर्षांतनं एकदाच व्हय? मग काय, एकदा आला की पंचवीस वर्षं निवांत."

"तसं असतं तर २०१९ ला आलेला पूर २०२१ ला कसा आला? पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात चार. नदी कॅलेंडर बघत नाही. आता तुमच्या मुलाचं कर्ज किती वर्षांचं?"

"वीस म्हणतोय."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि भिंतीवर ठेवलेल्या पेपरच्या कडेला आकडेमोड केली. "निळ्या रेषेच्या काठावर घर असेल, तर वीस वर्षांत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता शंभरात ५६. म्हणजे येईल असंच धरा. लाल रेषेच्या काठावर शंभरात १८. आणि हे हिशेब मागच्या पावसावरचे. पुढचा पाऊस असाच पडेल असं कुणी लिहून दिलेलं नाही."

शंभरात ५६ ऐकून आक्का गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "हप्ता भरायचा आणि चिखलबी काढायचा."

"विमा काढायचा," मी म्हटलं. "बँक कर्जाबरोबर विमा देते तो बहुधा कर्ज घेणाऱ्याच्या जिवाचा असतो, घरातल्या फ्रिजचा नाही. नीट वाचून घ्यायला सांगा. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी आहे. पूर, भूकंप, दरड तिच्यात येतं. घराबरोबर सामानालाही घराच्या विम्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. आणि गाडी पाण्यात बुडाली तर चालू करून बघायची नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असताना चावी फिरवली की कंपनी हात वर करते. त्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं."

"आमच्या ह्यांनी स्कूटरला सतरा किका मारल्यात्या," आक्का म्हणाल्या.

एवढं ऐकल्यावर त्यांना दम निघेना. तिथंच मोबाईल काढून पोराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गावभागात फोन खासगी नसतो.

"ऐक. तळमजला घ्यायचा न्हाई."

"आई, मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंग थांबव. ती इमारत बघितलीस तिथं लाईटची मीटरं कुठं लावल्यात?"

"मीटर? ते... पहिल्या मजल्याच्या जिन्यात, वर. का?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मघाशी मीच सांगितलं होतं. ज्या इमारतीनं पाणी खाल्लंय तिथं मीटर पुन्हा खाली कुणी लावत नाही.

"पाणी आलंय तिथं. एजंटला विचारू नगंस. खाली चहावाला असंल, किराणावाला असंल, त्यांला विचार. माल कितव्या फळीच्या वर ठेवता म्हणावं."

"अगं, एजंट म्हणाला आता वाशिष्ठीतला गाळ काढलाय, पाणी येणार नाही."

"गाळ काढला ते चांगलं झालं," मास्तर मधेच ओरडले, "पण तो दर वर्षी परत येतो, म्हणावं!"

"कोण बोलतंय?"

"मास्तर हायत. आणि चिपळूणच्या वैनी पण हायत. ऐक, विकत काय घेऊ नगंस. एक पावसाळा भाड्यानं ऱ्हा. पाणी कुठनं येतं, कुठला रस्ता आधी बंद होतो, सगळं डोळ्यानं बघ. मग घे."

"आई, वरच्या मजल्याचं भाडं दोन हजारांनी जास्त आहे. आणि मिरजेच्या लोकांना काय सांगायचं, भाड्याच्या घरात राहतो म्हणून?"

"फ्रिज, कपाट, गाद्या, मिक्सर, तुझ्या बाबांची स्कूटर. ह्याचं किती महिन्यांचं भाडं हुतंय, कर हिशेब. आणि मिरजेच्या पाहुण्यांचं मी बघते. त्यांनी पयला प्रश्न पाण्याचाच विचारला हुता, त्यांना पटंल. लेक देताना मिरजेचा माणूस सांगलीकरापेक्षा शाणा असतो."

पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बरं. पण तू ये एकदा घर बघायला. पुढच्या आठवड्यात सुट्टी काढतो."

"मी आत्ता येत न्हाई. जुलैत येते, मुसळधार पडत असंल तवा. उन्हाळ्यात काय रं, सगळीच घरं चांगली दिसत्यात."